चिकूला कोकणात नेतेस ना?

अगं, मे महिन्यात चिकूलाही गुहागरला नेणार म्हणालीस, तेव्हापासून तुझ्याशी बोलायचंच होतं. ने गं, जरूर ने. अनोळखी ठिकाणी पिंजऱ्यात राहण्यापेक्षा तो तुझ्यापाशी बरा. फक्त प्रवासाच्या वेळा त्याच्या तब्येतीकडे बघून ठरव.

मला धास्ती आहे ती उन्हाची. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांना थोडा येतो, बाकी सगळी मदार धापा टाकण्यावर. त्यातून आपला चिकू पग, बसक्या नाकाचा, त्याला एरवीही धाप लागते. म्हणून पहाटेच निघा आणि ऊन तापायच्या आत घाट उतरा. वाटेत ‘दहा मिनिटांत मिसळ खाऊन येतो’ म्हणून त्याला गाडीत कोंडून जाणं अजिबात नको. उन्हातली बंद गाडी तेवढ्या वेळात सुमारे १० अंशांनी तापते, आणि काच चार बोटं उघडी ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही. पाळीपाळीनं खा, एकानं त्याच्याजवळ थांबायचंच. धाप थांबेना, हिरड्या लालभडक झाल्या, लाळ चिकट झाली, पाय लटपटायला लागले, तर आधी सावलीत ने, अंगावर गार पाणी ओतत राहा, वारा घाल आणि तसाच दवाखाना गाठ.

घाटात त्याला उलट्या होतात ना? मग रात्रीचं जेवण वेळेवर दे आणि सकाळी निघताना फक्त पाणी. उलटीची गोळी त्याच्या डॉक्टरांना विचारूनच. झोपेचं औषध कुणी कितीही सुचवलं तरी देऊ नकोस. आणि पुढच्या सीटवर मांडीत नको गं. मागे बसव, हार्नेस सीटबेल्टला अडकव.

दाजी रेल्वेचं म्हणत होते. फर्स्ट एसीत अख्खा कूपे किंवा केबिन आपल्याला मिळाली तरच कुत्रा जवळ ठेवता येतो. नाहीतर त्याची रवानगी गार्डच्या डब्यातल्या पेटीत. मे महिन्यात पगला त्या पेटीत घालायला माझं मन धजणार नाही. काही झालं तरी लसीकरणाचं पुस्तक बरोबर असू दे, रेबीजची तारीख उलटलेली नाही ना ते आजच बघ.

तिथे पोचल्यावर मात्र डोळ्यांत तेल घाल. अंगणात आंबे खाऊन कोयी टाकतात, आणि चिकू तर हावरट. कोय गिळली की आतड्यात अडकते, मग ऑपरेशनशिवाय गत नसते. कोयींची बादली झाकून ठेवायला मुलांना बजावून सांग. दुसरं म्हणजे फुरसं. ते कातळावर, दगडांच्या फटीत, पाचोळ्यात असतं, मातीच्या रंगाचं, पटकन दिसत नाही. कुत्रा नाक खुपसतो आणि नाकावरच चावा बसतो. गडग्याजवळ पट्टा सोडूच नकोस. चावलंच तर बांधाबांध, कापाकापी न करता त्याला उचलून दवाखान्यात न्यायचं. चालवायचं नाही. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कुठला आणि सर्पदंशाची लस कुठे मिळते, हे निघायच्या आधीच फोन करून विचारून ठेव. रात्री पडवीत बांधायचं नाही, घरातच झोपव. बिबट्या कुत्र्यासाठी थेट अंगणात येतो.

समुद्रावर सकाळी लवकर जा. वाळूवर हाताचा पालथा पंजा ठेवून बघ, तुला सोसवत नसेल तर त्यालाही सोसणार नाही. खारं पाणी प्यायला की जुलाब होतात, तेव्हा गोडं पाणी बरोबर घे. गोचिडांचं औषध निघण्याआधीच लावून घे. पट्ट्यावर तुझा फोन नंबर हवाच.

आणि हो, मनीला नेऊ नकोस. मांजराचा जीव माणसांइतकाच घरात अडकलेला असतो, नव्या जागी ती कुठेतरी दडून बसेल किंवा निसटेल. किल्ली माझ्याकडे दे, सकाळ-संध्याकाळ मी येऊन जाईन. तिची वाळू कुठून आणतेस तेवढं सांगून ठेव.