तळकाडूची वाळू : शाप आणि निसर्गक्रम

वाळूच्या टेकड्या म्हटल्या म्हणजे मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर राजस्थानातील धोरे किंवा कोकणातील समुद्रकाठच्या पुळणी येतात. समुद्रही जवळ नाही आणि वाळवंटही नाही अशा ठिकाणी, एका नदीच्या काठी, अशा टेकड्या उभ्या राहाव्यात व त्यांनी एक प्राचीन राजधानी गिळावी, ही घटना विरळाच होय. कर्नाटकात म्हैसूर जिल्ह्यात कावेरीच्या डाव्या तीरावर वसलेले तळकाडु हे तिचे उदाहरण. साहित्याच्या अभ्यासकाला ते विशेष महत्त्वाचे आहे. कारण तेथील वाळूचा उलगडा शास्त्राने करण्यापूर्वीच लोककथेने केला होता.

तळकाडु ही गंगवंशाची राजधानी. अकराव्या शतकाच्या आरंभी ती चोळांकडे गेली व तिला राजराजपुर हे नाव मिळाले. पुढे होयसळ विष्णुवर्धनाने चोळांचा पाडाव करून ती जिंकली, ‘तलकाडुगोंड’ हे बिरुद धारण केले आणि कीर्तिनारायणाचे मंदिर उभारले. या विजयाचे हे स्मारकही कालांतराने वाळूखाली गेले व खणून बाहेर काढावे लागले. जुने नगर सुमारे मैलभर लांबीच्या टेकड्यांखाली गडप झाले असून, त्या टेकड्या पूर्वी वर्षाला नऊ-दहा फूट पुढे सरकत आणि रहिवाशांना घरे सोडून मागे हटावे लागे, अशी नोंद ब्रिटिशकालीन ग्रंथांत आढळते.

लोककथा या आपत्तीचा संबंध १६१० मधील सत्तांतराशी जोडते. त्या वर्षी राजा वोडेयर याने श्रीरंगपट्टण घेतले. तेथील विजयनगरच्या प्रतिनिधीची पत्नी अलमेलम्मा हिच्याकडील दागिने मागण्यासाठी राजाची माणसे आली, तेव्हा तिने शाप उच्चारून कावेरीत उडी घेतली. तळकाडूची वाळू व्हावी, मालंगी गावाचा डोह व्हावा आणि म्हैसूरच्या राजांना संतती होऊ नये, असा तो त्रिविध शाप. वाळू, डोह व संतती यांसाठी त्यात येणारे मरळु, मडु व मक्कळु हे तिन्ही कन्नड शब्द मकाराने सुरू होतात. मालंगी व मैसूरु ही स्थलनामेही तशीच. शाप लोकांच्या तोंडी टिकण्यास हा अनुप्रास साहाय्यभूत झाला असावा.

निसर्गक्रम असा : तळकाडूजवळ कावेरी वळण घेते व वळणावर वाळू टाकते. पाणी ओसरले की ती उघडी पडते आणि नैर्ऋत्येकडचा वारा तिला गावाकडे लोटतो. वाळूचा कण धुळीप्रमाणे उंच तरंगत नाही. तो जमिनीलगत टप्पे घेत जातो आणि वारा अडला की तेथेच पडतो. त्यामुळे मंदिराची भिंतच वाळू साठवू लागते. पर्यावरणशास्त्रज्ञ व कन्नड कादंबरीकार के. एन. गणेशय्य यांनी पात्र उघडे पडण्याचा संबंध, चौदाव्या शतकात विजयनगरच्या अमदानीत वरच्या अंगाला बांधलेल्या माधवमंत्री बंधाऱ्याशी जोडला आहे. भूकवचाच्या हालचालींनी नदीची गती मंदावली, असेही एक मत आहे.

बंधाऱ्याचे कारण ग्राह्य मानल्यास वाळूचा आरंभ शापाच्या कितीतरी आधीचा ठरतो. अलमेलम्मेच्या शापाने वाळू आणली नाही. चालून येणाऱ्या वाळूला त्याने अर्थ दिला. परंतु एवढ्याने कथा टाकाऊ ठरत नाही. दोन्ही उलगडे अखेर मानवी कृतीपाशीच येऊन थांबतात : एक राजाच्या लोभापाशी, दुसरा नदी अडविण्यापाशी. बंधाऱ्याने शेतीला पाणी दिले. त्याला दोष देणारी कथा लोकांना सुचली नसावी. अन्यायाची स्मृती मात्र जिवंत होती, आणि वाळूची जबाबदारी तिच्याकडे गेली. लोककथेतील कार्यकारणभाव तपासताना ती काय सांगते याबरोबरच कोणाला दोषमुक्त करते, हेही पाहिले पाहिजे.

तळकाडूचे पंचलिंगदर्शन कार्तिकातील विशिष्ट योगावर, काही वर्षांच्या अंतराने होते. २०१३ नंतरचे दर्शन २०२० मध्ये झाले. वाळूतून मोकळ्या केलेल्या देवळांकडे भाविक त्या वेळी वाळू तुडवीत जातात. वाळूने गाव मागे सारले. देवस्थानांचा माग मात्र लोकांनी सोडला नाही.