दुसरा फ्लॅट वाकडला घ्यावा का?

प्रश्न : मी हिंजवडीत आयटीत आहे, राहतो बाणेरला. पैसे शेअरमध्ये आहेत. जोखीम विभागण्यासाठी वाकडला भाड्याने देण्यासाठी फ्लॅट घ्यावा म्हणतो. घरांचे भाव शेअरसारखे पडत नाहीत ना?

उत्तर : पडतात, पण दिसत नाहीत. शेअरचा भाव रोज छापून येतो. मंदीत फ्लॅटवाला मात्र भाव उतरवत नाही, जाहिरात तशीच ठेवून गिऱ्हाइकाची वाट पाहतो. व्यवहारच कमी होतात, म्हणून आकडे शांत वाटतात. मार्च 2020 मध्ये एम्बसी रीट (कार्यालयांच्या इमारतींमधला, शेअरसारखा बाजारात विकला जाणारा वाटा) शेअरबाजाराबरोबरच घसरलं. मालमत्ता तीच, फक्त भाव रोज ठरत होता.

तुमच्या बाबतीत मला खरी चिंता वेगळीच वाटते. वाकडचा भाडेकरू बहुधा तुमच्याच क्षेत्रातला असणार. आयटीत कपात झाली, की तुमचा पगार, राहत्या घराची किंमत आणि वाकडचं भाडं एकदमच डळमळणार. एरवी सुटी वाटणारी जोखीम नेमकी अशा वेळी एकत्र येते. शिवाय मुद्रांक शुल्काचे 7 टक्के पहिल्याच दिवशी जातात (महिलेच्या नावे घेतल्यास 6).

रीट घ्या म्हणावं, तर एम्बसीची कार्यालयं हिंजवडीतही आहेत. पण बहुतेक बंगळुरू, मुंबईत, आणि रीट हवं तेव्हा विकता येतं. फ्लॅटच हवा असेल, तर दलालाच्या तोंडी भावावर न जाता त्याच सोसायटीतल्या अलीकडच्या विक्रीचे इंडेक्स टू (नोंदणीकृत व्यवहाराचे उतारे) काढून पाहा.