ज्याने गिळले, त्याच्याच पोटात बिऱ्हाड

"आते बरं शे, डॉक्टर! खोकला गेला, ताप गेला, भूकही लागते. मग या गोळ्या अजून किती दिवस?"

एरंडोल परिसरातील क्षयाच्या रुग्णांकडून दोन महिन्यांच्या सुमारास हा प्रश्न हमखास येतो. त्यातच कापूस वेचणीचे वा ऊसतोडीचे दिवस आले की गोळ्या मागे पडतात. सहा महिने कशासाठी, हे समजायचे तर हा जंतू शरीरात राहतो कोठे ते पाहावे लागेल.

रुग्णाच्या खोकल्यातून उडालेल्या सूक्ष्म तुषारांबरोबर जंतू दुसऱ्याच्या फुप्फुसातील वायुकोशांत पोचतात. तेथे भक्षक पेशींचा पहारा असतो. या पेशी जंतूला गिळून एका पिशवीत कोंडतात. मग आम्ल व पाचक रसांनी भरलेल्या बारीक पिशव्या (शाळेच्या पुस्तकातील लयकारिका त्या याच) तिला येऊन मिळतात आणि जंतूचे पचन होते. असे कितीतरी जंतू आपल्या नकळत रोज मरतात.

क्षयाचा जंतू मात्र ही भेटच होऊ देत नाही. तो अशी द्रव्ये सोडतो की लयकारिका त्याच्या पिशवीशी जोडल्या जात नाहीत. आतील आम्लही पुरेसे वाढत नाही. शिवाय अंगावर मेणासारखे जाड कवच! ज्याने गिळले, त्याच्याच पोटात हा बिऱ्हाड थाटतो. घाई अजिबात नाही. आतड्यातील साधा जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. याला सुमारे वीस तास लागतात.

पुढे तो पिशवीला भोके पाडतो. त्याचे एक विष पेशीतील एनएडी नावाचे द्रव्य नष्ट करते. या द्रव्यावाचून पेशीचे ऊर्जेचे सारे व्यवहार ठप्प होतात. पेशी नीट आवरून मेली तर जंतूही आतच अडकतो; ती फुटली की तो मोकळा. या विषाचे काम शास्त्रज्ञांना २०१४-१५ च्या सुमारास उलगडले. रॉबर्ट कॉख यांनी जंतू ओळखल्याचे जाहीर केले होते २४ मार्च १८८२ रोजी!

फुटलेल्या पेशीचा कचरा उचलायला नव्या भक्षक पेशी येतात आणि त्याही बाधित होतात. मग शरीर त्यांच्याभोवती पेशींचे कुंपण घालते. लागण झालेल्या बहुतेकांत हे कुंपण जन्मभर टिकते. शंभरातील पाच ते दहा जणांनाच पुढे रोग होतो. कुपोषण, मधुमेह किंवा एचआयव्हीने कुंपण खचले की आतला कुस्करलेल्या पनीरासारखा भाग पातळ होऊन श्वासनळीत फुटतो, आणि बेडक्यातून जंतू बाहेर पडू लागतात.

विषमज्वराचा जंतूही भक्षक पेशीत लपतो. दोन दिवसांत ताप उतरला म्हणून औषध सोडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता गोळ्यांकडे वळू. भराभर वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांत मरतात, म्हणून रुग्णाला बरे वाटते. पेशींच्या आत, त्या पनीरासारख्या भागात सुस्त पडलेले मागे राहतात. जंतू वाढत असतानाच बहुतेक औषधांचा मारा नीट लागू पडतो. झोपलेल्याला गाठायला वेळ लागतो. म्हणून पहिले दोन महिने चार औषधे आणि नंतर चार महिने तीन. मध्येच सोडली तर उरलेले पुन्हा वाढतात. गोळ्या अधूनमधून घेतल्या तर औषधाला दाद न देणारे तेवढे तगतात, आणि घरातल्या लेकराला लागण झाली तर ती त्यांचीच होते.

पोटासाठी गाव सोडावे लागते, त्यात मला रुग्णाचा दोष दिसत नाही. पण निघण्यापूर्वी सरकारी दवाखान्यात सांगावे. औषधे दुसऱ्या ठिकाणीही मोफत मिळण्याची सोय होते. आहारासाठी दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून पाचशेची हजार रुपये झाली आहे, तीही सोडू नये.

गोळ्या सुरू झाल्यावर लघवी केशरी होते ती रिफाम्पिसिनमुळे. घाबरण्याचे कारण नाही. डोळे पिवळे दिसले, सतत उलट्या होऊ लागल्या किंवा नजर अंधुक झाली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.