स्वादुपिंडाच्या अर्बुदातील पेशी चालतात कशा?

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की घटकाभरात त्यांना पाणी सुटते. मिठाचे व पाण्याचे हे नाते शरीरातील प्रत्येक पेशीतही अखंड चालू असते. मीठ विरघळले म्हणजे सोडियम व क्लोराइड यांचे विद्युत्भारित कण सुटे होतात. अशा कणांस आयन म्हणतात. पेशीच्या पटलात त्यांच्या ये-जा करण्यासाठी प्रथिनांच्या सूक्ष्म वाटा व पंप असतात. येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये दाखविलेला पंप एका खेपेस तीन सोडियम आयन बाहेर टाकतो व दोन पोटॅशियम आयन आत घेतो.

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवे असते. मधुमेहामुळे त्याचे नाव इन्सुलिनशी जोडले जाते. परंतु त्याचा बहुतांश भाग पाचकरस बनविण्यात गुंतलेला असतो. हा रस दररोज लिटर-दीड लिटर पाझरतो. नलिकांच्या अस्तरातील पेशी त्यात बायकार्बोनेट आयन सोडतात, म्हणून त्याचा सामू आठच्या आसपास असतो. (मृदापरीक्षणाची पत्रिका वाचणाऱ्या शेतकऱ्यास सामू हा शब्द नवा नाही.) नलिकेत अल्क जात असता उलट्या बाजूस आम्ल साचते. आम्लात तग धरण्याची ही सवय पुढे कर्कपेशींच्या उपयोगी पडत असावी, असे काही संशोधकांचे मत आहे.

कर्कपेशी वाहून जात नाही, ती सरपटते. तिच्या पुढील कडेवरील एक प्रथिन सोडियम आत घेऊन हायड्रोजन आयन बाहेर फेकते. त्यामुळे बाहेर आम्लता वाढते व भोवतालचे तंतुमय जाळे कुरतडणारी विकरे कामास लागतात. मागील बाजूस कॅल्शियम वाढले की पोटॅशियमची वाट उघडते. पोटॅशियम बाहेर पडते, त्यामागोमाग क्लोराइड व पाणी जाते. शेपटाकडील भाग कैरीच्या फोडीप्रमाणे आक्रसतो आणि पेशी पुढे ओढली जाते. जर्मनीतील म्युन्स्टर येथील आल्ब्रेख्त श्वाब व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पोटॅशियम-मार्गाचा विशेष अभ्यास केला आहे. तो मार्ग रोखणाऱ्या द्रव्यांनी प्रयोगशाळेत पेशींची चाल मंदावते. रुग्णांसाठी मात्र हा अद्याप रूढ उपचार नव्हे. असेच मार्ग निरोगी पेशींतही असतात, ही मोठी अडचण आहे.

या चालीमुळेच रोग यकृतापर्यंत लवकर पोहोचतो. निदानसमयी शंभरातील जेमतेम पंधरा-वीस रुग्ण शस्त्रक्रियेयोग्य असतात. तंबाखू, मग ती विडीची असो वा चघळण्याची, या रोगाचे सिद्ध कारण आहे.

भालकी, औराद, आळंद या भागांत कावीळ दिसली की झाडपाला घेऊन वाट पाहणारी माणसे अजूनही भेटतात. कावीळ बहुधा यकृतदाहाची असते आणि पुष्कळदा आपोआप उतरते; म्हणून झाडपाल्यास यश मिळते. परंतु उतारवयात पोट न दुखता कावीळ वाढत जाणे, मळ पांढुरका व लघवी गडद होणे, अंगास खाज सुटणे, वजन घटणे ही स्वादुपिंडाच्या गाठीने पित्तनलिका दाबली गेल्याची लक्षणे असू शकतात. पन्नाशीनंतर अचानक उद्भवलेला मधुमेह व सोबत घटणारे वजन यांकडेही लक्ष द्यावे. अशा व्यक्तीची प्रथम रक्ततपासणी व सोनोग्राफी करतात. संशय राहिल्यास सीटी स्कॅन. बिदर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय व कलबुर्गीचे किदवाई कर्करोग केंद्र ही या भागास जवळची ठिकाणे होत.