तुमच्या फोनवरचं हवामान नक्की कुठल्या गावाचं आहे?

🌾 *सभासदांसाठी माहिती: फोन आणि शेती*



सकाळी फोन हातात घेतला की पहिल्याच स्क्रीनवर हवामानाचा एक चौकोन दिसतो. ढगाचं चित्र, तापमान, पावसाची टक्केवारी. या चौकोनाला *विजेट* म्हणतात. अॅप न उघडता माहिती दिसते, म्हणून ते सोयीचं. बरेच सभासद तेवढं बघूनच ठरवतात की आज टोमॅटोवर फवारा मारायचा का, काढून ठेवलेल्या कांद्यावर कागद टाकायचा का.

आता एक काम करा. त्या चौकोनावर बारीक अक्षरात गावाचं नाव असतं, ते वाचा. तिथं 'पुणे' किंवा 'नवी मुंबई' असेल, तर तुम्ही दुसऱ्याच्या आभाळाकडे बघून आपल्या पिकाचा निर्णय घेताय.

आपल्या दोन तालुक्यांत तर हा फरक फारच मोठा. आहुपे, भीमाशंकरला धो-धो पाऊस चालू असतो तेव्हा लोणी-धामणीला जमीनही भिजलेली नसते. माळशेजच्या बाजूला धुकं आणि पाऊस, आणि आणे पठारावर ऊन. तालुका एकच असला तरी हवामान एक नाही. मग पुणे शहराचा अंदाज आपल्या काय कामाचा?

*🔸 विजेट चुकीचं गाव का दाखवतं?*

विजेट स्क्रीनवर ठेवताना फोन त्याला आतल्या आत एक नंबर देतो. आपण निवडलेलं गाव बहुतेक अॅप त्या नंबरापुढे लिहून ठेवतात. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, तसंच समजा. एकाच खातेदाराचे दोन गट असले तरी नोंदी वेगळ्या राहतात. एकाच अॅपची दोन विजेट ठेवली तर त्यांच्याही नोंदी वेगळ्या.

म्हणूनच बऱ्याच जणांची तक्रार असते, "अॅपमध्ये गाव बदललं, तरी बाहेर जुनंच दिसतंय." अॅपमध्ये बदललं म्हणजे विजेटमध्ये बदललं, असं बऱ्याच अॅपमध्ये होत नाही. विजेटला वेगळं सांगावं लागतं.

*🔸 कसं सांगायचं?*

१) विजेटवर बोट दाबून धरा.
२) कोपऱ्यात पेन्सिलीचं चिन्ह दिसलं तर ते दाबा. अँड्रॉइड १२ किंवा त्यापुढच्या फोनमध्ये बऱ्याच अॅपना ही सोय आहे. आयफोनवर 'एडिट विजेट' असं येतं.
३) पेन्सिल दिसत नसेल तर विजेटच्या आत दातेरी चाकाचं चिन्ह आहे का बघा.
४) दोन्ही नसेल तर विजेट काढून टाका. मग स्क्रीनवरच्या मोकळ्या जागी बोट दाबून धरा, 'विजेट' निवडा, हवामानाचं अॅप शोधा आणि चौकोन पुन्हा ठेवा. गाव विचारलं की नीट निवडा. विजेट काढल्यानं अॅप जात नाही, काळजी करू नका.

*🔸 पहिली सेटिंग: गाव*

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. 'आंबेगाव' टाइप केलं तर पुण्यात कात्रजजवळचं आंबेगाव बुद्रुक यादीत वर येऊ शकतं. आपल्या तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे, ते मूळ आंबेगाव तर डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्यामुळे तालुक्याचं नाव टाकू नका. घोडेगाव, मंचर किंवा तुमच्या जवळचं मोठं गाव टाका.

'खडकी' टाकलं तर पुण्याची खडकी येईल, मंचरजवळची नाही. 'ओतूर' नाशिक जिल्ह्यातही आहे. राजुरी, वडगाव, पिंपळगाव या नावांची गावं तर किती तरी. नाव निवडण्याआधी खाली *तालुका आणि जिल्हा* वाचा, मगच दाबा.

तुमची वाडी यादीत नसेल तर त्याच बाजूचं जवळचं गाव घ्या. पश्चिमेकडच्यांनी पश्चिमेचं, पूर्वेकडच्यांनी पूर्वेचं. अंदाज काढताना जमिनीचे मोठे चौकोन पाडून हिशेब करतात. हवामान खात्याच्या २०२५ मध्ये सुरू झालेल्या नव्या प्रणालीत हा चौकोन ६ किलोमीटरचा आहे, आधी १२ किलोमीटरचा होता. म्हणजे शेजारच्या गावाचा अंदाज चालतो, पण ४० किलोमीटरवरचा चालत नाही.

*🔸 दुसरी सेटिंग: 'सध्याचं ठिकाण' की ठरलेलं गाव?*

'सध्याचं ठिकाण' ठेवलं तर फोन जिथं जाईल तिथलं हवामान दिसतं. समजा, माल घेऊन तुम्ही वाशीला गेलात. तिथं विजेटवर कडक ऊन दिसलं आणि तुम्ही घरी फोन करून सांगितलं, "फवारून घ्या." इकडे ओतूरला दुपारी सर आली. स्पर्शजन्य बुरशीनाशक पानावर सुकायच्या आत पाऊस झाला तर औषध धुऊन जातं. औषध, पाणी, मजुरी सगळं वाया.

शिवाय, 'सध्याचं ठिकाण' नीट चालायला अॅपला ठिकाणाची परवानगी *कायमची* द्यावी लागते. 'अॅप वापरत असतानाच' अशी परवानगी दिली असेल, तर घरी परत आल्यावरही विजेट वाशीलाच अडकून राहू शकतं.

म्हणून शेतीसाठी *गाव ठरवूनच ठेवा.* जमीन दोन ठिकाणी असेल तर दोन विजेट ठेवा, एकेकाला एकेक गाव द्या.

*🔸 तिसरी सेटिंग: एकक*

वाऱ्याचा आकडा कशात आहे ते बघा. ताशी किलोमीटर, ताशी मैल आणि सेकंदाला मीटर असे तीन प्रकार असतात. विजेटवर '४' दिसलं आणि ते सेकंदाला मीटर असेल, तर वारा ताशी १४ किलोमीटरच्या वर आहे. तुम्ही समजाल वारा पडलाय, आणि औषध उडून जाईल शेजारच्याच्या मेथीवर. *ताशी किलोमीटर* निवडा. तापमान *सेल्सिअस* ठेवा, पाऊस *मिलिमीटर* ठेवा. एककाची सेटिंग बहुतेक वेळा विजेटमध्ये नसते, अॅपच्या आत असते. तिथं जाऊन बदला.

पावसाची टक्केवारी म्हणजे किती पडणार ते नव्हे. ती फक्त पाऊस येण्याची शक्यता असते. किती पडणार ते मिलिमीटरवरून कळतं.

*🔸 चौथी सेटिंग: माहिती ताजी आहे का?*

बॅटरी वाचवण्यासाठी फोन विजेटला सारखं नेट वापरू देत नाही. बॅटरी सेव्हर चालू असेल तर कालचाच अंदाज आजही दिसू शकतो. विजेटवर 'शेवटचं अपडेट' किती वाजता झालं ते दाखवण्याची सोय असेल तर चालू करा. अपडेट दर एक तासाला ठेवा. तरीही अडकत असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये त्या अॅपवरचं बॅटरीचं बंधन काढा. वेळ जुनी दिसली तर आकड्यावर विश्वास ठेवू नका, आधी अॅप उघडून ताजं करा.

*⚠️ विजेटवर काय ठरवू नये?*

विजेट म्हणजे दारातून डोकावणं. फवारणी, द्राक्षाची छाटणी, कांद्याची काढणी ठरवताना अॅप उघडून तासातासाचा अंदाज बघा. हवामान खात्याचा कृषी सल्ला *मंगळवारी आणि शुक्रवारी* येतो, तो 'मेघदूत' अॅपवर मराठीत वाचता येतो. पिकाबद्दल शंका असेल तर नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

विजेचं मात्र उलटं आहे. वीज पडते ती आपण उभे आहोत तिथं, ठरवून ठेवलेल्या गावात नाही. त्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' अॅप वेगळं ठेवा. ते आपल्या भोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरमधल्या विजेचा इशारा देतं. *दामिनीला मात्र फोनचं ठिकाण चालू ठेवा.*

*✅ आजच तपासा*
▪️ गाव आपलंच आहे? तालुका-जिल्हा वाचला?
▪️ 'सध्याचं ठिकाण' काढून गाव ठरवलं?
▪️ वारा ताशी किलोमीटरमध्ये आहे?
▪️ शेवटचं अपडेट आजचं आहे?

जमलं नाही तर घरातल्या शाळा-कॉलेजच्या मुलामुलींना हा संदेश दाखवा, पाच मिनिटांचं काम आहे. तरीही अडलं तर माल घेऊन संकलन केंद्रावर याल तेव्हा फोन दाखवा, तिथं लावून देऊ. कुणालाही फोनचा पासवर्ड किंवा ओटीपी सांगायची यात गरज नाही, सांगूही नका.

तुमच्या गटात ज्यांच्याकडे नवीन फोन आलाय, त्यांना हा संदेश जरूर पाठवा. 🙏

आपली शेतकरी उत्पादक कंपनी
जुन्नर – आंबेगाव