आधी एक जात, मग दुसरी टाकी

भाचोबा, परवा फोनवर तू गप्पीच्या पाच जाती एका दमात सांगितल्यास: मॉस्को, कोब्रा, मोझेक, हाफ ब्लॅक आणि लाल अल्बिनो. अष्टमी गावातल्या या पडवीत माझीही सुरुवात तशीच झाली होती. गणपतीत सगळ्या जाती एकाच टाकीत सोडल्या आणि शिमगा येईपर्यंत अशी सरमिसळ झाली, की एकाही पिल्लाच्या शेपटीवरून बाप ओळखता येईना. म्हणून दुकानात जाण्याआधी एवढं वाच.

१. एकच जात धर, आणि तीसुद्धा रोज सकाळचा चहा घेताना तिच्यासमोर बसावंसं वाटेल अशी — तीन-चार पिढ्या नीट निवडायच्या म्हणजे वर्ष सहज जातं, आणि न आवडणाऱ्या माशाचं पाणी कोणी वर्षभर बदलत नाही.

२. जात ठरवण्याआधी टाक्या मोज. एका जातीला निदान चार हव्यात — जोडीची एक, पिल्लांची एक, वाढत्या नरांची एक, माद्यांची एक. पडवी बघून पंगत मांडावी.

३. आपलं पाणी मऊ आणि गप्पीला जरा जड पाणी मानवतं, म्हणून फिल्टरमध्ये मूठभर स्वच्छ धुतलेले शिंपले ठेव — ते हळूहळू विरघळतात आणि पाण्याला जडपणा देतात. नळाचं पाणी मात्र उघड्या बादलीत रात्रभर ठेवून मगच वापर, आठवड्याला पाव टाकी. एकदम सगळं बदललंस तर मासे बिचकतात.

४. पिल्लं तीन आठवड्यांची झाली की रोज बघायला लाग आणि नर-मादी वेगळे कर. पिल्लू काचेच्या पेल्यात घे, खिडकीच्या उजेडात धर आणि पोटाखालचा पर बघ: मादीचा पंख्यासारखा पसरट राहतो, नराचा निमुळता होऊन काडीसारखा दिसू लागतो. मादीच्या पोटाशी मागच्या बाजूला गडद ठिपकाही असतो — तुला वाटतं त्याच्या किती तरी आधी ही पोरं वयात येतात. चार दिवसांचा आळस चार पिढ्यांना भोवतो.

५. दुकानातून आणलेल्या मादीवर पहिल्या वेतांपुरता तरी विश्वास ठेवू नकोस — एकदा नराशी संग झाला की ती त्याचं बीज पोटात महिनोन् महिने साठवते आणि साधारण महिन्याला एक अशी वेतं देत राहते. तू लावलेला नर कोब्रा आणि पिल्लं भलतीच, असं झालं तर नराला बोल लावू नकोस. जात सुरू करायची ती कोऱ्या माद्यांवरच.

६. कोब्राची अंगावरची नक्षी बहुतेक बापाकडून लेकाकडे जाते, पण म्हणून आईकडे दुर्लक्ष करू नकोस — अंगाची ठेवण आणि शेपटीचा घेर तिच्याकडूनही येतो, आणि ती साधी दिसते म्हणून सगळे तिथेच फसतात.

७. अल्बिनोचा मोह झाला तर हे ध्यानात ठेव: दोन साध्या रंगाच्या माशांच्या पोटी चारातलं एखादं पिल्लू लाल डोळ्यांचं निघू शकतं — तो गुण आईबाप दोघांत लपलेला असतो, दोघांकडून आला तरच दिसतो. अमेरिकेत कॉर्न स्नेक नावाचे साप पाळणारेही काळा रंग नसलेली नारिंगी पिल्लं याच हिशेबाने काढतात. लपलेलं ओळखायला डोळे पुरत नाहीत, वही लागते.

८. म्हणून वही घाल, आणि टाकीवर चिकटपट्टी लावून तारीख, आई, बाप लिही — तीन महिन्यांनी सगळे नर एकाच घरातले दिसतात.

९. निवडताना आधी पाठ बघ, मग पोहणं, आणि रंग सगळ्यात शेवटी — वाकडी पाठ पुढच्या पिढीत उतरू शकते, आणि जड शेपटीचा नर दिसायला राजा असला तरी मादीला गाठू शकत नाही. इथे मन घट्ट करावं लागतं, मला अजून जमायला वेळ लागतो.

१०. एकाच स्रोतातून आलेल्या माशांच्या दोन वेगळ्या ओळी चालव आणि काही पिढ्यांनी एकीचा नर दुसरीला दे — नाहीतर सख्ख्यातच फिरून वेतं लहान होत जातात.

११. उरलेले मासे ओळखीच्यांना दे, पण कुंडलिका नदीत किंवा शेताच्या पाटात कधी सोडू नकोस — गप्पी दक्षिण अमेरिकेकडचा, मिळेल त्या पाण्यात वाढणारा. डासांच्या अळ्या खातो म्हणून टाक्या-हौदांत त्याला मुद्दाम सोडतात हे खरं, पण नदीतल्या आपल्या लहान माशांच्या वाटणीत त्याने का यावं?

१२. पावसाळ्याआधी बॅटरीवर चालणारा एक हवेचा पंप घेऊन ठेव — आषाढात वीज रात्री जाते आणि भरलेल्या टाकीतले मासे सकाळपर्यंत वरवर येऊन तोंडं उघडत असतात.

नागपंचमीला येशील तेव्हा झाकणाची मोठी बरणी आण. वैशाखात जन्मलेल्या कोब्राच्या दोन कोऱ्या माद्या मी वेगळ्या काढून ठेवल्या आहेत; डाव्या टाकीत आहेत, चिकटपट्टीवर तुझं नाव लिहिलंय.