चक्र पगडीवर, शुरिकेन मुठीत

प्रश्न : दसऱ्याला नांदेडच्या हल्लाबोल मिरवणुकीत निहंग शिखांच्या उंच निळ्या पगडीवर पोलादी कड्या दिसल्या. मुलगा म्हणतो, सिनेमातले निंजा फेकतात ते तारे हेच. खरे का? – एक वाचक, लातूर

उत्तर : मुलाची नजर चांगली आहे. दोन्ही फेकायचीच शस्त्रे, पण कूळ वेगळे. पगडीवरची कडी म्हणजे चक्र, पंजाबीत चक्कर. तिची बाहेरची कड धारदार आणि आतली बोथट असते. म्हणून ती बोटावर गरगरा फिरवून सोडता येते. फिरकीमुळे ती हवेत डळमळत नाही आणि मधे पोकळ असल्याने हलकी राहते. 1516 च्या सुमारास पोर्तुगीज लेखक दुआर्ते बार्बोसाने दिल्लीच्या सैनिकांबद्दल लिहिताना सांगितले आहे, की ते सात-आठ चक्रे डाव्या हातात अडकवून ठेवत आणि एकेक उजव्या हाताच्या बोटावर फिरवून फेकत. निहंगांनी त्यांना जागा दिली ती डोक्यावर : निमुळत्या पगडीवर लहान वर, मोठे खाली.

जपानी शस्त्राचे नाव शुरिकेन. शु म्हणजे हात, रि म्हणजे आत, केन म्हणजे पाते. हातात दडवलेले पाते. दडवायचे म्हटले की ते लहान हवे, आणि लहान म्हणजे जखमही बेताची. त्यामुळे शुरिकेनचा मारा बहुधा शत्रूला क्षणभर गोंधळवण्यासाठी असे. तेवढ्यात तलवार चालवायची किंवा निसटायचे. तो एका फटक्यात माणूस लोळवतो, हा सिनेमाचा समज. ते फक्त निंजांचे, हाही गैरसमजच. सामुराईंच्या शस्त्रविद्येतही ते शिकवत. शिवाय सगळेच ताऱ्यासारखे नव्हते. बो-शुरिकेन सरळ सळईसारखे, खिळ्याएवढे जाड. ते टोकावरच रुतायला हवे, म्हणून अंतराचा अंदाज अचूक लागतो. ताऱ्याला टोके अनेक, त्यामुळे कुठले तरी एक लागतेच.

मुठीत दडवण्यापुरते पाहिले, तर शुरिकेनचे आपल्याकडचे नातलग म्हणजे वाघनखे. 1659 मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या भेटीमुळे आपण ती ओळखतो. ती मात्र फेकायची नव्हेत. चक्राला लपायचे कारणच नव्हते. ते मिरवायचे शस्त्र, शत्रूला लांबूनच दिसावे असे. गुरुद्वाऱ्यावरच्या निशाणसाहिब या ध्वजाकडे मुलाला नीट पाहायला सांगा : मधला दुधारी खंडा, दोन्ही बाजूंना कृपाणे आणि खंड्याभोवती जे वर्तुळ आहे, ते हेच चक्कर.